ऐनवेळी बेत बदलला तर सेवेचे काय?

आपल्या घरातील मुले-मुली आता परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, बांधकामावर राबलेल्या आईबापांची ही मुले! कोणी कर्ज काढून जातात, कोणी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातात. तिकडच्या विद्यापीठांत एक प्रथा आहे. सुट्टीत विद्यार्थ्यांचे गट एखाद्या गरीब देशात सेवेसाठी जातात. शाळेची खोली बांधायची, लहान मुलांना इंग्रजी शिकवायचे, दवाखान्यात हाताखाली काम करायचे, असे त्याचे स्वरूप असते. आपलीही मुले त्यात नाव घालतात. ज्या समाजाला कालपर्यंत दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत होते, त्या समाजाची लेक परक्या देशातल्या गरिबाच्या मदतीला निघते, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

परंतु पुष्कळदा असे होते की निघायला आठ-दहा दिवस उरले असताना सगळा बेत विस्कटतो. तिकडे भूकंप होतो, महापूर येतो, रस्त्यावर गोळीबार होतो, विमानतळ बंद पडतो. मग संयोजकांची धावपळ सुरू होते. कोणी म्हणतो तारीख पुढे ढकलू, कोणी म्हणतो दुसऱ्या देशात जाऊ, तर कोणी म्हणतो तिथेच जाऊन दुसरे काही काम शोधू. आणि उत्तर उद्या सकाळपर्यंत हवे असते! मुलगी घरी विचारते. आईबाप म्हणतात, "आम्हाला परदेशातले काय कळते? तुला बरे वाटेल ते कर." आमचे म्हणणे असे की, या बाबतीत आपल्या माणसांना बरेच कळते. ते कसे, हे शेजारच्याच देशात घडलेल्या एका गोष्टीवरून पाहू.

नेपाळ, २०१५

नेपाळ आपल्याला परका नाही. गोरखपूरमार्गे सुनौलीची सीमा ओलांडून लुंबिनीचे दर्शन घेऊन आलेली माणसे आपल्या वस्त्या-वस्त्यांतून आहेत. बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते.

या नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाक गावाजवळ होते. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. नाहीतर किती लेकरे दगावली असती याची कल्पनाही करवत नाही. दक्षिणेकडच्या सपाटीवरील लुंबिनीला त्या मानाने कमी झळ पोहोचली. डोंगरातली गावे मात्र होत्याची नव्हती झाली.

मे ते ऑगस्ट हा युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांच्या सुट्टीचा काळ. त्या सुट्टीत नेपाळला जाण्याचे बेत किती तरी विद्यार्थ्यांनी आखलेले होते. तिकिटे काढली होती, वर्गणी जमवली होती. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने अत्यावश्यक काम असल्याशिवाय नेपाळला जाऊ नये असा सल्ला दिला. तरीही तरुण रक्त म्हणते, "आता तर तिथे आपली जास्त गरज आहे! आता नाही जायचे तर कधी?" भावना चांगली आहे. पण प्रत्यक्षात काय होते ते पाहा.

काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एकच. तंबू, औषधे, धान्य घेऊन येणारी विमाने उतरायला जागा नव्हती. धावपट्टी खराब होऊ लागली म्हणून ३ मे रोजी मोठ्या जड विमानांना तिथे उतरण्यास मनाई करावी लागली. दुसऱ्याच दिवशी नेपाळ सरकारने परदेशी शोध व बचाव पथकांना आता परत जावे असे सांगितले. ही तर शिकलेली पथके होती! मग ज्याला भाषा येत नाही, डोंगर चढण्याची सवय नाही, जखम बांधता येत नाही, अशा वीस वर्षांच्या मुलाने तिथे जाऊन काय करावे? त्याला पाणी लागणार, दोन वेळचे जेवण लागणार, झोपायला तंबू लागणार, आणि हे सगळे ज्यांचे घर पडले आहे त्यांच्या वाट्यातून येणार. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात बघ्यांच्या गर्दीने मदतकार्याला कसा अडथळा झाला, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

म्हणून त्या मे महिन्यात ज्या गटांनी जाणे रद्द केले, त्यांनी पाठ फिरवली असे कोणी म्हणू नये. कधी कधी न जाणे हीच मदत असते.

"दुसरे काम शोधू" यातला धोका

बेत बदलण्याचा सर्वांत वाईट प्रकार कोणता? ठरलेले काम उरले नाही, पण माणसे तर आली आहेत, तेव्हा त्यांना कुठेतरी गुंतवा, हा तो प्रकार. शाळेची खोली बांधायची होती, ती शाळाच पडली. मग या वीस मुलांना न्यायचे कुठे? उत्तर तयार असते, अनाथाश्रमात! तिथे काही शिकलेले असावे लागत नाही. लेकरांना खेळवायचे, गाणी शिकवायची, खाऊ वाटायचा, फोटो काढायचे. आलेल्यांना समाधान, संस्थेला देणगी.

पण या मागे काय चालते? नेपाळमधील बालगृहांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी, हयात असतो, हे या क्षेत्रात काम करणारे अनेक वर्षे सांगत आले आहेत. दलाल डोंगरातल्या गावात जातो. "तुमच्या पोराला शहरात शिकवतो," असे गरीब आईबापांना सांगतो, पैसेही घेतो आणि मूल काठमांडूत नाहीतर पर्यटकांच्या गावी पोखऱ्यात आणून ठेवतो. परदेशी पाहुणे येतात, त्यांना अनाथ म्हणून ते दाखवले जाते. पाहुणे जितके जास्त, तितकी अशा घरांना मुलांची मागणी जास्त.

भूकंपानंतर हा धोका वाढला. नेपाळ सरकारने आईबाप किंवा मान्य पालकाशिवाय मुलांना प्रवासाला नेण्यास बंदी घातली, नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि परदेशी दत्तक देणे बंद ठेवले. युनिसेफने जून २०१५ मध्ये सांगितले की, भूकंपानंतर किमान २४५ मुलांना अशा वाहतुकीतून किंवा बेकायदा बालगृहात पोहोचण्यापासून सोडवण्यात आले. चांगल्या मनाने आलेले परदेशी स्वयंसेवक नकळत या धंद्याला हातभार लावतात, असा इशाराही युनिसेफने तेव्हा दिला. पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेमुळे मुलांची होणारी हानी रोखण्याची गरज नमूद केली.

तेव्हा आपल्या मुलाने कळवले की, "शाळेचे काम रद्द झाले, आता आम्हाला अनाथाश्रमात नेणार आहेत," तर घरच्यांनी सरळ सांगावे, "बाळा, तू तिथे जाऊ नकोस." एक आठवडा माया लावून निघून जाणारे दर महिन्याला नवे माणूस, हे कोणत्याही लेकराच्या भल्याचे नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत आपण हे चालवून घेतले असते काय?

घेणाऱ्या बाजूचे शहाणपण

इथेच आपल्या घरांचे शहाणपण कामाला येते. सेवा करणाऱ्याच्या बाजूला आपण आत्ता आत्ता उभे राहिलो आहोत. दुसऱ्या बाजूला मात्र पिढ्यान्‌पिढ्या होतो. आपल्या वस्त्यांत सेवा करायला आलेली माणसे आपण पाहिली आहेत. शिबिरे आली, गटार साफ झाले, फोटो निघाले, भाषणे झाली. आठव्या दिवशी पाहुणे गेले आणि गटार पुन्हा तुंबले. कारण तिथे झाडूची कमतरता कधीच नव्हती, कमतरता पाइपाची होती. ते मात्र कोणी विचारले नाही! उलट, रात्रीची अभ्यासिका वर्षानुवर्षे चालवणारी, रेशन कार्डाचा अर्ज लिहून देणारी, दवाखान्यात रांगेत उभी राहणारी माणसेही आली. त्यांची नावे वस्ती आजही घेते. फरक काय होता? ती माणसे आधी विचारत होती आणि मग करत होती.

हेच परदेशात लागू आहे. बेत बदलताना आधी प्रश्न विचारला पाहिजे तो तिथल्या शाळेच्या मास्तरांना, गावच्या लोकांना, त्या दवाखान्याच्या परिचारिकेला. "आम्ही यावे काय? कधी यावे? येण्याऐवजी काय पाठवावे?" संयोजकांनी हे विचारले आहे काय, आणि उत्तर कोणी दिले, एवढे आपल्या मुलीने विचारले तरी अर्धे काम होते.

नेपाळच्या बाबतीत याचे उत्तर स्पष्ट होते. शाळा ३१ मे २०१५ पासून पुन्हा सुरू झाल्या, पण त्या बांबू आणि ताडपत्रीच्या तात्पुरत्या खोल्यांत. त्यासाठी पैसा आणि सामान हवे होते. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, दरडी कोसळतात, तेव्हा डोंगरात बांधकाम होत नाही. पुढची काही वर्षे सर्वांत जास्त गरज होती ती भूकंपात टिकेल असे घर बांधणाऱ्या गवंड्यांची आणि सुतारांची. हजारो स्थानिक गवंड्यांना त्यासाठी शिक्षण देण्यात आले. आपल्या वाचकांत गवंडीकाम करणारे बांधव पुष्कळ आहेत. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे त्यांना नुसत्या नजरेने कळते. त्यांनाच विचारा, कधी थापी हातात न धरलेल्या वीस पदवीधरांनी बांधलेल्या खोलीत ते आपले मूल बसवतील काय? वीस विमान तिकिटांचा पैसा तिथल्याच गवंड्यांच्या मजुरीला गेला असता, तर भिंत पक्की झाली असती आणि भूकंपग्रस्त घरात चूलही पेटली असती.

ज्यांनी जाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरवर ढकलले, त्यांच्यापुढे पुन्हा अडचण उभी राहिली. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवी राज्यघटना लागू केली. त्यानंतर तराईतील आंदोलन आणि भारताच्या सीमेवरील कोंडी यामुळे फेब्रुवारी २०१६ पर्यंत पेट्रोल, डिझेल, गॅस आणि औषधे यांची भयंकर टंचाई झाली. घराघरांत लाकडावर स्वयंपाक सुरू झाला. तेव्हा पुन्हा विचारणे आले. एकदा बदललेला बेत दुसऱ्यांदा बदलावा लागतो, यात लाज कसली?

प्रसंग पुन्हा पुन्हा येतात

हे काही एकदाच घडले असे नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरली तेव्हा अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेने ६० हून अधिक देशांतील आपले सुमारे ७,००० स्वयंसेवक एकदम परत बोलावले. संस्थेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. अनेकांना शेजाऱ्यांचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. त्याच महिन्यात, २२ मार्चनंतर, भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि परदेशातील आपले किती तरी विद्यार्थी जिथल्या तिथे अडकले. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, नेपाळमध्ये तरुणांचे आंदोलन पेटले, पंतप्रधानांनी ९ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि काठमांडूचा विमानतळ बंद ठेवावा लागला. म्हणजे ऐनवेळी बेत बदलणे हा अपवाद समजू नये. तो होणारच असे धरून तयारी करावी.

घरच्यांनी काय पाहावे?

पहिली गोष्ट कागदाची. पैसे भरण्याआधी संयोजकांकडून लेखी घ्यावे की, प्रवास रद्द झाला तर किती पैसे परत मिळतील, तारीख बदलली तर जादा किती लागतील, आणि हा निर्णय कोण व किती दिवस आधी घेणार. तोंडी आश्वासनावर हप्ता भरू नये. आपल्या घरात तो पैसा बचत गटातून नाहीतर दागिना मोडून आलेला असतो.

दुसरी गोष्ट विम्याची. प्रवासाचा विमा काढला म्हणजे सगळे भरून मिळते असा समज आहे. आपल्यालाच भीती वाटली म्हणून जाणे रद्द केले, तर बहुतेक विमे पैसे देत नाहीत. आणि सरकारने जाऊ नका असा सल्ला दिला असताना गेले, तर विमा निरुपयोगी ठरू शकतो. अटी वाचाव्यात, इंग्रजी अवघड असेल तर शिकलेल्या शेजाऱ्याकडून वाचून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट पासपोर्टाची. परदेशातील गट जेव्हा ऐनवेळी म्हणतो, "चला, दुसऱ्या देशात जाऊ," तेव्हा गटातील ब्रिटिश किंवा अमेरिकन मुलाला पुष्कळ देशांत व्हिसा लागत नाही. आपल्या मुलाला लागतो आणि तो एका दिवसात मिळत नाही. शिवाय जिथे तो शिकतो त्या देशात परत प्रवेश मिळेल ना, हेही पाहावे लागते. आपल्या मुलाने संकोच न करता हे पहिल्याच बैठकीत सांगावे. एकट्याला मागे ठेवून गट गेला, असे होऊ नये.

चौथी गोष्ट लसीची. बदललेला देश घानासारखा आफ्रिकेतील असेल, तर पीतज्वराची लस घ्यावी लागते. भारतात ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. म्हणजे पाच दिवसांवर निघणे असेल तर हा बेत जमतच नाही. प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून भारतात परत आल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

पाचवी गोष्ट, आपल्याच गावच्या कॉलेजातून मुले नेपाळला निघाली तर. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. फक्त आधार कार्ड १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनाच चालते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील ओळखपत्र लागते. नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या आणि अजून मतदार यादीत नाव नसलेल्या मुलांची सीमेवर फजिती होते, ती टाळावी.

आणि जिथे जाल तिथल्या भारतीय दूतावासात आपले नाव, पत्ता, घरचा फोन नोंदवून ठेवावा. संकटाच्या दिवशी याद्या त्याच नोंदींवरून होतात.

थांबणे म्हणजे सोडणे नव्हे

बेत मोडला म्हणजे सगळे संपले, असे मुलांना वाटते. त्यांना बाबासाहेबांची एक गोष्ट सांगावी. १९१७ मध्ये लंडनला शिकत असताना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि जिवापाड जमवलेली पुस्तके वेगळ्या बोटीने निघाली होती, ती बोट टॉर्पेडोने बुडवली. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम चोख केले होते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते परत लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ऐनवेळी बेत मोडला तर परतीची वाट उघडी ठेवून मागे यायचे असते, ते हे असे.

आपल्या मुलांनीही तसेच करावे. जाणे रद्द झाले तर त्या शाळेला स्वतःहून पत्र लिहावे, "आम्ही आत्ता येत नाही, का येत नाही ते हे. तुम्हाला काय हवे ते कळवा." जमवलेली वर्गणी ज्यांनी दिली त्यांना विचारून, हिशेब देऊन, तिथल्या विश्वासाच्या माणसांकडे पाठवावी. वर्षभराने पुन्हा विचारावे. दुर्घटनेच्या पहिल्या महिन्यात सगळे जग धावते आणि तिसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही, हे आपण आपल्याकडेही पाहिले आहे. तिसऱ्या वर्षी विचारपूस करणारा एक विद्यार्थी त्या गावाला कायमचा आठवतो.

माता-भगिनींनो, मुलांनी सल्ला विचारला तर "आम्हाला काय कळते" असे म्हणू नका. मदत घेताना मान कशी खाली जाते आणि कोणी नीट विचारून मदत केली की ती कशी वर राहते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेवढे मुलांना सांगा. नकाशा, तिकीट आणि व्हिसा ती स्वतः पाहून घेतील.